मोटारीची शर्यत आणि पायांची तयारी

मोटारींची शर्यत म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें तें बहुधा सिनेमावरून किंवा टेलिव्हिजनवरून घेतलेलें असतें. एकमेकींना घासून धांवणाऱ्या वीस-पंचवीस गाड्या, कानठळ्या बसविणारा आवाज, उडालेला धुरळा, आणि मधूनच कोलांट्या खाऊन उलटणारें एखादें वाहन! त्यामुळें अमेरिकेंत असलेला मुलगा फोनवर बोलतां बोलतां सहज म्हणाला कीं, "येत्या रविवारीं मी मोटारीच्या शर्यतींत उतरणार आहें," तर इकडे आईच्या हातांतील काम हातांतच राहतें, आजी देव पाण्यांत घालून बसते आणि वडील मंडळी "तिकडे एवढ्यासाठींच पाठविला होता काय?" असा प्रश्न करूं लागतात.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे मुलगे, मुली, पुतणे, भाचे आणि आतां नातवंडेंहि तिकडे स्थायिक झालीं आहेत. त्यांपैकीं एखाद्याच्या तोंडून 'ऑटोक्रॉस' हा शब्द आपल्या कानीं पडण्याचा संभव आहे. त्या शब्दानें दचकून जाण्यापूर्वीं तो खेळ काय आहे आणि हौशी मनुष्य त्याची तयारी कशी करतो हें नीट समजून घ्यावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों. कारण हा खेळ जितका मोटारीचा आहे त्याहून अधिक डोळ्यांचा आणि स्मरणशक्तीचा आहे. आणि, नवल वाटेल पण खरें, सर्वांत अधिक तो पायांचा आहे.

खेळाचें स्वरूप

विमानतळाची जुनी धांवपट्टी, एखाद्या मोठ्या क्रीडागृहाभोंवतालची मोटारी उभ्या करण्याची जागा, किंवा असेंच डांबरी अगर काँक्रीटचें विस्तीर्ण पटांगण सुटीच्या दिवसापुरतें मिळवितात. रस्तादुरुस्तीच्या ठिकाणीं आपण पाहतों तसले, हातभर उंचीचे, नारिंगी रंगाचे प्लॅस्टिकचे पोकळ शंकु त्यावर मांडून एक वांकडातिकडा मार्ग आंखतात. दोन शंकूंच्या मधून जावयाचें असेल तर तें झालें 'दार'. एका ओळींतील शंकूंना एकदां उजवी, एकदां डावी घालीत जावयाचें असेल तर ती झाली 'नागमोड'. उभ्या शंकूजवळ एखादा शंकु मुद्दाम आडवा निजविलेला असला, तर त्याचें टोंक जिकडे वळलेलें असेल त्या बाजूनें जावें अशी ती खूण.

ह्या मार्गावरून प्रत्येक चालकानें एकट्यानें गाडी न्यावयाची. पटांगण मोठें असल्यास पहिली गाडी पुरेशी पुढें गेल्यावर दुसरी सोडतात. परंतु दोघींची गांठ पडूं नये अशी काळजी घेतलेली असते. शर्यत दुसऱ्या गाडीशीं नसून घड्याळाशीं असते. हें घड्याळ प्रकाशकिरण तुटतांच सुरू होतें, तसेंच बंद होतें, आणि सेकंदाचा हजारावा भागहि मोजतें. प्रत्येकास तीन ते सहा फेऱ्या मिळतात, एक फेरी सुमारें मिनिटभराची असते, आणि त्यांतील सर्वांत कमी वेळाची फेरी जमेस धरतात.

नियम थोडे पण कडक आहेत. प्रत्येक शंकूच्या तळाभोंवतीं खडूनें चौकट काढलेली असते. गाडीचा धक्का लागून शंकु आडवा पडला किंवा चौकटीच्या साफ बाहेर गेला, तर चालकाच्या वेळांत दोन सेकंद वाढवितात. तो थोडा सरकला, पण उभाच राहिला आणि त्याचा कांहीं भाग चौकटींत राहिला, तर माफ! एखादें दार चुकलें व तसेंच पुढें गेलें, तर मात्र ती फेरी अजीबात बाद.

अमेरिकेंत ह्या खेळाला व्यवस्थित रूप देण्याचें श्रेय मुख्यतः 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' या संस्थेकडे जातें. ही संस्था १९४४ सालीं स्थापन झाली. तिनें ह्या खेळास 'सोलो', म्हणजे एकट्याचा खेळ, असें नांव दिलें, आणि १९७३ सालापासून त्याच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचे सामने सुरू केले. २००९ सालापासून हे सामने नेब्रास्का राज्यांतील लिंकन शहरीं, एके काळच्या लष्करी विमानतळाच्या काँक्रीटवर भरूं लागले. तेथें हजाराहून अधिक स्पर्धक जमतात. विलायतेंत ह्याच नांवाचा खेळ शेताच्या मातीवर किंवा गवतावर होतो, आणि आपल्याकडेहि ऑटोक्रॉस म्हणून जे सामने होतात ते बहुधा मातीच्या मैदानावरचे असतात. प्रस्तुत लेखांत अमेरिकेंतील पक्क्या पटांगणावरचा प्रकारच आम्हांस अभिप्रेत आहे.

सराव नाहीं

आतां ह्या खेळाच्या मर्माकडे वळूं. क्रिकेट खेळणारा जाळ्यांत सराव करतो, गवई मैफलीपूर्वीं तीच चीज शंभर वेळां घोळतो. येथें तशी सोय नाहीं. मार्ग दर खेपेस नवा. आदल्या संध्याकाळीं किंवा त्याच दिवशीं पहांटे तो मांडतात आणि सायंकाळीं शंकु गोळा केले कीं तो नाहींसा होतो. सामन्यापूर्वीं त्यावरून गाडी नेण्यास कोणासहि परवानगी नसते. मिळते ती एकच मुभा : तो मार्ग पायीं चालून पाहण्याची. लिंकन येथील राष्ट्रीय सामन्यांत दोन दिवशीं दोन निरनिराळ्या मार्गांवर प्रत्येकीं तीन फेऱ्या असतात. म्हणजे सहा मिनिटांच्या आंतबाहेर गाडी हांकावयास मिळावी एवढ्यासाठीं माणसें शेंकडों मैलांवरून येतात, आणि त्या सहा मिनिटांची तयारी कित्येक तास पायपीट करून करतात.

ही पायपीट कां करावी लागते हें साध्या अंकगणितानें कळेल. मार्ग अर्ध्या मैलाचा, म्हणजे सुमारें आठशें मीटरचा, आहे असें धरूं. पायीं चालणारास त्याला दहा मिनिटें लागतात. गाडीला एक मिनिट पुरतें. ताशीं ४० मैल, म्हणजे सुमारें ६४ किलोमीटर, वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत ५८ फुटांहून अधिक अंतर तोडते. नियमाप्रमाणें नागमोडींतील दोन शंकूंमध्यें निदान ४५ फूट अंतर असावें लागतें. म्हणजे दर सेकंदाला एक शंकु आलाच! डोळ्यांनीं पाहावें, मनानें ठरवावें आणि हातांनीं करावें, यांत नुसता पाव सेकंद गेला तरी गाडी पंधरा फूट पुढें गेलेली असते. अशा वेळीं "आतां कोणीकडे?" हा प्रश्न मनांत येणें म्हणजेच फेरी हरणें. त्या प्रश्नाचें उत्तर गाडींत बसण्यापूर्वींच तयार असलें पाहिजे.

पहिली फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी

नवखा मनुष्य पटांगणावर पाऊल टाकतो तेव्हां त्याला मार्ग असा दिसतच नाहीं. दिसतो तो नारिंगी शंकूंचा नुसता सडा. दूरचा शंकु जवळच्या शंकूआड लपतो, एका वळणाचे शंकु दुसऱ्या वळणांत मिसळतात. म्हणून पहिल्या चालण्यांत वेगाचा, वळणाचा, कशाचाच विचार करूं नये, वाट कोणीकडून कोणीकडे जाते एवढेंच पाहावें, असें अनुभवी लोक सांगतात. बहुतेक ठिकाणीं नवख्यांसाठीं एखादा जुना खेळाडू पुढें होऊन त्यांस मार्ग समजावीत नेतो. ती संधि दवडूं नये. उलट, मित्रांच्या घोळक्यांत गप्पा मारीत केलेली फेरी ही प्रकृतीला चांगली. मार्ग शिकण्याच्या कामीं तिचा उपयोग शून्य.

दुसऱ्या खेपेस गाडीच्या जागीं आपण आहों असें समजून, गाडी जेथून जाईल त्याच रेषेवरून चालावयाचें. जागोजाग खालीं उकिडवें बसून पाहावें. कारण उभ्या माणसाचा डोळा पांच-साडेपांच फुटांवर असतो आणि लहान मोटारींत बसलेल्या चालकाचा त्याहून पुष्कळच खालीं. उभ्यानें स्पष्ट दिसणारें दार बसल्यावर दिसेनासें होतें, आणि नेमकें तेंच दार पुढें दगा देतें. ह्याच फेरींत प्रत्येक वळणाचा मुख्य शंकु हेरून ठेवावा. मार्गावर शंकु दीडशें असोत कीं दोनशें असोत, गाडीची रेषा ठरविणारे त्यांत पंधरा-वीसच असतात, बाकीचे शोभेला. ब्रेक कोठें लावावयाचा, कोठें सोडावयाचा आणि पुन्हां वेग कोठें द्यावयाचा, याच्या खुणा तेथेंच ठरवाव्या.

जमीनहि वाचावी लागते. काँक्रीटच्या दोन लाद्यांमधील सांध्याला पायरी आहे काय, पाणी वाहून जाण्यासाठीं उतार कोणत्या अंगास दिला आहे, वळणाच्या तोंडाशीं बारीक खडी सांचली आहे काय, पांढऱ्या रंगाचे जुने पट्टे कोठें आहेत, हें सर्व पायांखालीं कळतें. रंगाचा पट्टा ओला झाला कीं गुळगुळीत होतो; खडीवर टायर धरत नाहीं. वळणाच्या बाहेरच्या अंगास जमीन उतरती असली कीं गाडी बाहेर फेंकली जाते, आंतल्या अंगास उतरती असली कीं आंत धरून राहते. मोटारींत बसून ह्या गोष्टी कळतात खऱ्या, पण कळतात तेव्हां उशीर झालेला असतो.

नागमोडीविषयीं एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. नवखा चालक शंकूपाशीं पोहोंचतो आणि मग वळूं लागतो. पहिल्या शंकूला हें खपतें. दुसऱ्याला तो थोडा उशिरा पोहोंचतो, तिसऱ्याला आणखी उशिरा, आणि पांचव्याला बिचारा शंकूच गाडीखालीं सांपडतो. जाणता चालक शंकु येण्यापूर्वींच आपलें वळण उरकीत आणतो. शंकूजवळून जातांना त्याच्या गाडीचें तोंड पुढच्या शंकूकडे वळूं लागलेलें असतें. यासाठीं नागमोडींतील पहिला शंकु कोणत्या अंगानें आणि किती जवळून घ्यावयाचा हें पायीं चालतांनाच ठरवून ठेवावें लागतें. पहिला साधला तर बाकीचे आपोआप साधतात.

तिसरी फेरी एकट्यानें आणि मुक्यानें करावयाची. ही पाठांतराची फेरी. आपल्या घरांतून वेदपठणाची परंपरा ज्यांनीं ऐकली असेल त्यांस क्रमपाठ ठाऊक असतो : पहिलें पद दुसऱ्याशीं जोडून म्हणावयाचें, मग दुसरें तिसऱ्याशीं, मग तिसरें चौथ्याशीं. एकेक पद वेगळें पाठ असून भागत नाहीं. प्रत्येक पदाचा हात पुढच्या पदाच्या हातांत दिलेला असावा लागतो. मार्ग पाठ करण्याची रीतहि नेमकी हीच आहे. ह्या दारांतून बाहेर पडतांना पुढच्या वळणाचा मुख्य शंकु कोठें दिसेल, त्या वळणांतून सुटतांना नागमोडीचा पहिला शंकु कोणत्या हातास असेल, अशी सांखळी जोडीत जावें. कांहीं जण शेवटापासून आरंभाकडे उलटे विचार करीत येतात : अखेरच्या दारांतून भरवेगानें बाहेर पडावयाचें तर त्याआधींच्या वळणांतून कोठें सुटलें पाहिजे, त्यासाठीं त्याआधीं कोठें असलें पाहिजे, असें. मागील वळण पुढील वळणासाठीं घ्यावयाचें, त्याच्या स्वतःच्या सुखासाठीं नव्हे, हें तत्त्व त्यांतून मनावर चांगलें ठसतें.

चालून झाल्यावर एका बाजूस बसून डोळे मिटावे आणि मार्ग आरंभापासून शेवटपर्यंत मनांत हांकून पाहावा. कागदावर तो न पाहतां काढतां येतो काय हीहि एक चांगली परीक्षा आहे. जेथें चित्र पुसट होतें, जेथें "येथें उजवीकडे कीं डावीकडे?" असा अडखळा येतो, तेवढाच भाग पुन्हां जाऊन चालून यावा. सामन्याच्या आधीं पटांगणाच्या कडेला डोळे मिटून, हवेंत स्टिअरिंग फिरविल्यासारखे हात हलवीत बसलेलीं माणसें पाहून परक्याला हंसूं येतें. पण तीं वेडीं नसतात, तीं पाठ म्हणत असतात.

गाडीची तयारी

यासाठीं शर्यतीची खास गाडी लागत असेल, अशी समजूत असल्यास ती काढून टाकावी. नित्य कामावर नेण्याची, बाजारहाट करण्याचीच गाडी बहुतेक नवखे आणतात. गाड्यांचे त्यांच्या बळाप्रमाणें व त्यांत केलेल्या फेरफारांप्रमाणें वर्ग पाडलेले असतात, त्यामुळें लहान गाडीला मोठ्या गाडीशीं झुंजावें लागत नाहीं. १९८९ सालीं माझदा कंपनीनें काढलेली 'मियाटा' ही दोन आसनांची हलकी गाडी ह्या खेळांत फार लोकप्रिय झाली, ती बळामुळें नव्हे, तर हलकेपणामुळें व वळणांतील गुणामुळें. उंच आणि अरुंद बांध्याच्या गाड्यांना मात्र बहुधा मज्जाव असतो. कारण तशी गाडी जोराच्या वळणांत उलटण्याचें भय असतें.

सामन्याच्या आरंभीं प्रत्येक गाडीची तपासणी होते. चाकांचे नट घट्ट आहेत काय, बॅटरी पक्की बसविलेली आहे काय, ब्रेकचा पाय घट्ट लागतो काय, तेल कोठें गळत नाहीं ना, टायरांची नक्षी झिजून आंतील धागे दिसत नाहींत ना, आसनाचे पट्टे धड आहेत काय. ह्या प्रश्नांत नवें असें कांहींच नाहीं. घरच्या गाडीबद्दल हे प्रश्न आपणहि दर महिन्यास विचारावे अशाच योग्यतेचे ते आहेत. गाडींतील सर्व सुटें सामान काढून ठेवावें लागतें : डिकींतील पेट्या, पायांखालची सतरंजी, मुलांचीं खेळणीं, पाण्याची बाटली. वळणांत घरंगळलेली बाटली ब्रेकच्या पायाखालीं अडकली तर काय होईल हें सांगावयास नको. टायरांत हवा नेहमींपेक्षां थोडी अधिक भरतात आणि टायराच्या कडेवर खडूची रेघ ओढतात. फेरीनंतर खडू कोठवर पुसला गेला हें पाहून टायर किती कलंडत होता तें ताडतां येतें. याहून अधिक खर्चांत नवख्यानें पडूं नये. महाग टायर घेऊन जें मिळतें त्याच्या कितीतरी पट, मार्ग आणखी एकदां चालून मिळतें.

चालकाची तयारी

चालकाची तयारी आदल्या रात्रीं नीट झोंप घेण्यापासून सुरू होते. पटांगणावर सांवली नसते. टोपी, भरपूर पाणी, बंद पादत्राणें आणि हलकी शिदोरी बरोबर हवी. डोक्यास मान्यताप्राप्त शिरस्त्राण अवश्य लागतें. स्वतःचें नसेल तर पुष्कळ संस्था त्या दिवसापुरतें देतात. आरंभीं सर्व चालकांची सभा होते. तिला गैरहजर राहून चालत नाहीं.

आणि येथें ह्या खेळाचा एक गुण आमच्या मनास विशेष भावला, तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अर्धे चालक गाड्या हांकीत असतात त्या वेळीं उरलेले अर्धे मैदानांत राबत असतात. कोणी पडलेला शंकु धांवत जाऊन त्याच्या चौकटींत पुन्हां ठेवतो, कोणी लाल निशाण घेऊन उभा असतो, कोणी वेळ टिपून घेतो. पुढें पाळी बदलते. मोठा डॉक्टर असो, गॅरेजमधला कारागीर असो, कालचा विजेता असो, शंकु उचलण्याची पाळी कोणास चुकत नाहीं. कार्यांत वाढणारे आणि जेवणारे पाळी बदलतात, तशीच ही रीत. शिवाय नवख्याला ह्या कामाचा मोठा फायदा असा कीं, एकाच वळणावर तासभर उभें राहून पन्नास गाड्या पाहिल्या म्हणजे कोण कोठें चुकतो आणि कोणाचें साधतें हें कोणी न शिकवितां कळूं लागतें.

एकच गाडी नवरा-बायको किंवा बाप-लेक आळीपाळीनें हांकीत आहेत, एकाची फेरी होतांच दुसरा टायरांवर पाणी मारून ते थंड करीत आहे, असा देखावाहि तिकडे नेहमींचा. स्त्रियांसाठीं राष्ट्रीय सामन्यांत स्वतंत्र वर्ग ठेवलेले असत, आणि खुल्या वर्गांत उतरण्यासहि त्यांस आडकाठी नसे.

त्या एका मिनिटांत

पहिल्या फेरींत मार्ग न चुकतां शेवटास पोहोंचणें हाच नवख्याचा पराक्रम. बहुतेक सामन्यांत त्याच्या शेजारीं शिकविणारा बसूं शकतो. हा शिक्षक फार बोलत नाहीं. "पुढें पाहा, पुढें पाहा," हेंच त्याचें पालुपद. माणसाचे हात डोळ्यांमागून जातात. ज्या शंकूवर नजर खिळली त्याच शंकूवर गाडी जाते. म्हणून जवळचा शंकु डोळ्याच्या कडेला सोडून नजर पुढच्या, शक्य तर त्याच्याहि पुढच्या, दारावर ठेवावयाची. चालतांना केलेल्या पाठांतराचें फळ तें येथें : पुढें काय आहे हें ज्याला माहीत आहे त्यालाच पुढें पाहतां येतें.

दुसरी शिकवण टायरांच्या पकडीची. टायराचे अंगीं जमीन धरून ठेवण्याची जी शक्ति असते ती ठराविक असते, घरांत येणाऱ्या मासिक प्राप्तीसारखी. ती ब्रेक लावण्यांत खर्च करावी, वळण्यांत करावी, किंवा दोहोंत वांटून द्यावी. पण ब्रेकवर सगळी उधळून वर वळण्याचाहि हट्ट धरला, तर गाडी ऐकत नाहीं व सरळ पुढें घसरत जाते. यास्तव वेग सरळ रेषेंत असतांनाच कमी करावा, वळणांत शांतपणें शिरावें आणि सुटतांना वेग द्यावा. "हळू शिरलों म्हणून वेळ गेला" असें नवख्यास वाटतें; घड्याळ उलट सांगतें.

फेरी संपतांच वेळाचा आंकडा पाहण्यापूर्वीं एकच आठवण पक्की करावी : कोठें उशीर झाला? पुढच्या फेरीसाठीं एक किंवा फार तर दोन सुधारणा मनांत धराव्या. दहा धरल्या कीं एकहि साधत नाहीं.

घरांतील वडील मंडळींस

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. ह्या खेळानें तरुणांस वेगाची चटक लागणार नाहीं काय? अशी भीति वाटणें स्वाभाविक आहे आणि तींत कांहींच तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. मोटार हें जड वाहन. त्याच्या कोणत्याहि खेळांत धोका अगदीं शून्य असूं शकत नाहीं. म्हणूनच मार्गाचा कोणताहि भाग भिंत, खांब यांसारख्या घट्ट वस्तूच्या २५ फुटांच्या आंत येऊं नये, आणि वेग सामान्य हमरस्त्यावर कायद्यानें चालतो तेवढ्यांतच राहावा, असे नियम केलेले आहेत.

पण तराजूचें दुसरें पारडेंहि पाहिलें पाहिजे. आपल्या देशांत २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं, असें केंद्र सरकारच्या अहवालांत नमूद आहे. म्हणजे दररोज साडेचारशेंहून अधिक. मोटारीचा परवाना असलेल्या आपल्यापैकीं कितीजणांनीं आपल्या गाडीचा ब्रेक आयुष्यांत एकदां तरी पूर्ण जोरानें दाबून पाहिला आहे? हल्लीच्या बहुतेक मोटारींत चाकें जाम होऊं न देणारी योजना असते. ती चालू झाली म्हणजे ब्रेक पायाखालीं थरथरतो. हें ठाऊक नसलेला मनुष्य भिऊन नेमक्या त्याच क्षणीं पाय उचलतो. घसरणारी गाडी कशी सांवरावी, ओल्यांत टायर कोठवर धरतो, आपली नजर किती पुढें असते, हे धडे बहुतेकांस पहिल्यांदा मिळतात ते घाटांतल्या वळणावर, समोरून ट्रक येत असतां. आणि तेथें चुकीची किंमत दोन सेकंद नसते.

ऑटोक्रॉसच्या पटांगणावर तेच धडे प्लॅस्टिकच्या शंकूच्या मोलानें मिळतात. तेथें चूक झाली तर शंकु पडतो, कोणी तरी तो उचलून पुन्हां जागेवर ठेवतो आणि माणूस पुढच्या फेरीला घरचा घरीं धड उभा असतो. रहदारींत कसें वागावें, सिग्नल कसे पाळावे, पायीं जाणारास वाट कशी द्यावी, हें मात्र हा खेळ शिकवीत नाहीं. तें घरानेंच शिकविलें पाहिजे. आणि एक नियम घरानें निक्षून घालावा : वेगाची हौस पटांगणावर फेडावी, हमरस्त्यावर तिची एक फेरीहि नको. जो तरुण हा नियम मोडतो तो खेळाडू नव्हे.

तेव्हां मुलानें किंवा सुनेनें शर्यतीची वार्ता फोनवरून सांगितली, तर घाबरूं नये आणि एकदम मोडताहि घालूं नये. चाकांचे नट पाहिलेस काय, शिरस्त्राण आहे काय, झोंप झाली काय, एवढें जरूर विचारावें. सामन्यानंतर मात्र "किती वेगानें गेलास?" असें विचारण्यापेक्षां "मार्ग किती वेळां चाललास?" असें विचारावें. उत्तर "चार वेळां" असें आलें, तर निश्चिंत असावें. मुलगा शिकतो आहे.